जुन्या संगणकावर चित्रं जवळून: परळच्या चित्रवर्गाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आमचा चित्रवर्ग भरतो त्या मंडळाच्या खोलीत कपाटाशेजारी कापड पांघरून पडलेला संगणक आज बाहेर काढला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क, १७ इंची जवळजवळ चौकोनी मॉनिटर. आत विंडोज एक्सपी, ज्याचे अपडेट एप्रिल २०१४ पासून बंद आहेत. काकांचं म्हणणं, भंगारवाल्याला देऊन टाकू, खोलीत तेवढीच जागा होईल. वर्गाच्या बाईंनी ऐकलं नाही.

बाईंचं कारण मला पूर्ण पटलं. वर्गातली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं हातानं करतात. पण मोठ्या चित्रकारांचं काम बघतात ते फोनवर, अंगठ्याएवढं. "चित्र बघितलं का विचारलं की हो म्हणतात," बाई म्हणाल्या, "आणि रंग कसा लावलाय विचारलं की गप्प. त्यांचं चुकत नाही गं, दिसतच नाही तेवढ्यात." मी याच खोलीत त्यांच्या हाताखाली शिकले. दिवसभर ऑफिसात लोकांचे संगणक दुरुस्त करते, तर हे काम दुसऱ्या कोणावर टाकण्यात अर्थ नव्हता.

काय हवं ते आजच ठरवलं. इंटरनेट नसताना चालायला हवं. मुलाला चित्राच्या अगदी जवळ जाता यायला हवं, रंगाच्या फटकाऱ्यापर्यंत. आणि चित्राखालची माहिती मराठीत हवी.

१५ जून, रविवार

चालू केला तर पडदा काळा आणि लांब लांब बीप. रॅमच्या पट्ट्या काढल्या. सोनेरी दातांवर काळपट थर होता. परळच्या दमट हवेत चार पावसाळे गेले की हे होणारच. शाळेतला साधा खोडरबर दातांवर हलक्या हातानं फिरवला, भुगा ब्रशनं झटकला, पट्ट्या परत बसवल्या. लगेच सुरू झाला. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली.

२१ जून, शनिवार

एक्सपीच्या जागी डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, हलक्या एलएक्सडीई डेस्कटॉपसह. प्रोसेसर जुना असला तरी ६४ बिटचा आहे, त्यामुळे अडचण आली नाही. अडचण आली ती पुढे. पॅकेज उतरवायला गेलं की यादी वैध नाही म्हणून नकार. ब्राउझरमध्येही प्रत्येक साइटवर सुरक्षेचा इशारा. अर्धा तास मी नेटवर्कमध्ये शोधत बसले. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं, तिथे तारीख २००८ ची. बोर्डावरचा सेल मेलेला, वीज गेली की घड्याळ मागे जातं. आणि साइटचं प्रमाणपत्र ज्या तारखेपासून लागू आहे, ती तारीख या यंत्राच्या लेखी अजून उजाडलेलीच नाही. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल आणला. सगळे इशारे गेले.

जुनं यंत्र हाती घेणाऱ्यानं आधी तारीख बघावी, मग बाकीचं.

२२ जून, रविवार

आजचं श्रेय बाईंचं.

चाचणीसाठी धुरंधरांची काही पोस्टकार्डं उघडली होती. एम. व्ही. धुरंधर म्हणजे कोल्हापूरचे, जन्म १८६७. १८९० मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले, पुढे तिथेच शिक्षक झाले. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं त्यांनी पोस्टकार्डांवर रंगवली, त्यात पेहरावाचा एकेक काठ बघण्यासारखा असतो. मला पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. बाई दारातून आत आल्या, चप्पल काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई लांबट का दिसतेय ही? धुरंधर असं प्रमाण चुकवणार नाहीत."

मी म्हटलं, चित्रच तसं असेल. त्यांनी उत्तर दिलं नाही. पेन्सिल हातात धरली, एक डोळा मिटला आणि हात ताणून पडद्यावरचं डोकं मोजलं, वर्गात आम्हाला शिकवायच्या तसंच. मग मला एक वर्तुळ काढायला लावलं. पडद्यावर काढलं आणि पट्टी लावली. रुंदी १५ सेंटिमीटर, उंची १६. अंडं.

मग कारण सापडायला वेळ लागला नाही. मॉनिटर १२८० गुणिले १०२४ चा आहे, म्हणजे ५:४. संगणक मात्र १०२४ गुणिले ७६८ पाठवत होता, म्हणजे ४:३. ते चित्र पूर्ण पडद्यावर ताणलं की सगळं काही उंचीला एक पंधरांश वाढतं. पट्टीनं दाखवलं ते अगदी तेवढंच. पण संगणकाला मॉनिटरचं माप कळत का नव्हतं? तर व्हीजीए केबलमधल्या ज्या तारांवरून मॉनिटर स्वतःची माहिती सांगतो, त्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांपैकी १५ नंबरची वाकून आत गेली होती. (९ नंबरची पिन बऱ्याच केबलांत मुळातच नसते, ती नाही म्हणून घाबरू नये.) माहिती मिळाली नाही की यंत्र सगळ्यांना चालेल असं जुनं माप धरून बसतं. घरची केबल उद्या आणते.

मी आठ तास पडद्यासमोर बसणारी, मला पंधराव्या हिश्शाचा फरक दिसला नाही. बाईंना चप्पल काढताना दिसला.

२८ जून, शनिवार

केबल बदलली, १२८० गुणिले १०२४ आपोआप आलं. वर्तुळ पुन्हा मोजलं, गोल आहे.

चित्रं बघायला पहिला दर्शक, म्हणजे चित्रं उघडून दाखवणारा प्रोग्राम, निवडला तो फार हलका होता, पटकन उघडायचा, पण चित्राखालच्या मराठी ओळी मोडायचा. 'चित्र' लिहिलं की पहिली वेलांटी 'च'च्या मागे जाऊन बसायची आणि 'त्र' सुटा पडायचा. अक्षरं जुळवण्याची सोय त्याच्यात नव्हतीच. तो काढला आणि गीकी नावाचा दुसरा दर्शक घेतला. गीकीत मराठी नीट दिसते, रंगाचं प्रोफाइलही (फाइलीतल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता, ते सांगणारी नोंद) तो वाचतो. पोस्टकार्डं छान पळाली.

मग बाईंची सरस्वती उघडली आणि यंत्र गोठलं.

ही सरस्वती म्हणजे त्यांच्या माहेरच्या देवघरावरची रविवर्मा छापाची ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली, तैलचित्रासारखी दिसणारी प्रत, २० इंच गुणिले १४ इंच. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवदेवतांच्या छापील चित्रांनी मुंबईतल्या किती घरांच्या भिंती भरल्या असतील. बाईंनी मागच्या महिन्यात फ्रेम उघडून चित्र माझ्याकडे दिलं होतं. ए फोर स्कॅनरवर ते मावत नाही म्हणून ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) चार भागांत स्कॅन करून मी लॅपटॉपवर जोडलं. जोडलेलं चित्र ८४०० गुणिले १२००० पिक्सेल. फाइल ३१ एमबी.

माऊस हलेना, हार्ड डिस्कचा दिवा अखंड पेटलेला, आतून कुरकुर. सहा मिनिटांनी चित्र अर्धं आलं. काका दारातूनच म्हणाले, "पोरी, म्हातारं झालंय ते." मी बटण दाबून बंद केला आणि घरी आले.

२ जुलै, बुधवार, रात्री

काकांचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं, म्हणून आज कागदावर हिशोब मांडला.

फाइल ३१ एमबीची असली तरी ती घडी घातलेली आहे. पडद्यावर दाखवायची तर ती उलगडावी लागते. ८४०० गुणिले १२००० म्हणजे १० कोटी ८ लाख पिक्सेल. एकेका पिक्सेलला ४ बाइट धरले तर ४० कोटींहून जास्त, म्हणजे ४०३ एमबी. एकाच चित्राला. त्यात दर्शक पुढचं चित्र आधीच उलगडून ठेवतो, पान पटकन उलटावं म्हणून, आणि मागचंही जवळ ठेवतो. तीन चित्रं झाली की १२०० एमबी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि ग्राफिक्सही त्याच २ जीबीतून घेणार. रॅम संपली की उरलेलं हार्ड डिस्कवर टाकायचं, परत उचलायचं. तीच ती कुरकुर.

यात म्हातारपणाचा संबंध किती? पडद्यावर एका वेळी मावतात १३ लाख पिक्सेल. आपण त्याला १० कोटी उचलायला लावतोय. नवा संगणक तो भार गपचूप उचलतो म्हणून आपल्याला दिसत नाही, एवढंच.

मोठी संग्रहालयं हे कसं करतात ते मला माहीत होतं, पण या खोक्याशी जोडून कधी विचार केला नव्हता. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चं ७१७ अब्ज पिक्सेलचं छायाचित्र २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ते अख्खं कोणाच्याच संगणकात मावणार नाही. तरी साध्या फोनवर ते बघता येतं, कारण चित्र छोट्या चौकोनांत कापलेलं असतं. आणि एकदाच नाही, तर पूर्ण आकारात, मग निम्म्या आकारात, मग त्याच्या निम्म्या, असं अगदी ठिपक्याएवढं होईपर्यंत. दूरून बघताना लहान आकाराचे चार चौकोन पुरतात. जवळ गेलं की फक्त समोरचे मोठ्या आकाराचे चौकोन आणायचे. नजर जिथे असेल तेवढंच.

कापण्यासाठी व्हिप्स वापरायचं ठरवलं. हे सॉफ्टवेअर चित्रांसाठीच जन्मलंय. १९८९ मध्ये सुरू झालेल्या वासारी नावाच्या युरोपीय प्रकल्पातून ते आलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रांचे रंग वर्षानुवर्षं कसे बदलतात ते मोजायला त्यांना प्रचंड मोठ्या प्रतिमा हाताळायच्या होत्या, आणि तेव्हाच्या संगणकांची रॅम आजच्या हिशोबात नसल्यासारखीच. म्हणून व्हिप्स चित्र अख्खं उचलत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी वाचतं आणि पुढे सरकतं. आपल्याला नेमकं तेच हवंय.

५ जुलै, शनिवार

लॅपटॉपवर न करता मुद्दाम याच यंत्रावर सरस्वती कापली. व्हिप्सची डीझेडसेव्ह आज्ञा, चौकोन २५६ पिक्सेलचा. मुलं घड्याळ लावून बसली होती. तीन मिनिटांच्या आत काम झालं आणि त्या वेळात माऊस एकदाही अडकला नाही. पूर्ण आकाराच्या थरात ३३ आडवे, ४७ उभे, म्हणजे १५५१ चौकोन. सगळे थर मिळून २११९.

बघायला ओपनसीड्रॅगन, ब्राउझरमध्ये चालणारी छोटी स्क्रिप्ट. पान तयार केलं, फायरफॉक्समध्ये उघडलं आणि पांढरं. चूक शोधायला एक तास गेला. पान डिस्कवरून थेट उघडलं की ब्राउझर त्याला शेजारची दुसरी फाइल वाचू देत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण आपल्या चित्राचं मापपत्रक त्याच शेजारच्या फाइलीत असतं. उपाय सोपा निघाला: पायथन या संगणकभाषेतला छोटा सर्व्हर, म्हणजे फाइली पुरवणारा प्रोग्राम, याच यंत्रावर सुरू करायचा आणि पान त्याच्याकडून मागायचं. बाहेरच्या जाळ्याशी संबंध नाही. यंत्र सुरू होताच सर्व्हर आणि पूर्ण पडद्याचा ब्राउझर आपोआप सुरू होतील असं करून ठेवलं.

आणखी एक. ओपनसीड्रॅगनच्या नव्या आवृत्त्या रेखाटनाचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवायला बघतात. या बोर्डावरच्या चिपला ते झेपत नाही, चौकोन चमकायला लागतात. सेटिंगमध्ये रेखाटनासाठी कॅनव्हास (ब्राउझरची जुनी, साधी पद्धत) असं स्पष्ट लिहिलं की शांत होतं.

संध्याकाळी सातच्या सुमारास सरस्वती उघडली. दोन सेकंद. वीणेवरच्या बोटांपाशी गेलो, आणखी आत, आणखी आत. एका ठिकाणी त्वचा संपली आणि ठिपके सुरू झाले. गुलाबी, पिवळसर, करडे, एकमेकांवर बसवलेले. दगडावरच्या छपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि सावली आणायला त्या दगडांवर कारागिरांनी हातानं असे ठिपके दिलेले. १०० टक्क्यांवर या मॉनिटरवर चित्र खऱ्याच्या सव्वासहा पट मोठं दिसतं, त्यामुळे ठिपका ठिपका वेगळा मोजता येत होता. बाईंनी हे चित्र साठ वर्षं पाहिलंय. खुर्ची पुढे ओढून त्या कितीतरी वेळ गालावरच थांबल्या.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे गर्दी, दुपारी काम.

रंगांच्या दोन तक्रारी होत्या. एका ओळखीच्या छायाचित्रकारानं एका लघुचित्राचा फोटो दिलाय, त्यातलं कुंकू वीटकरी दिसत होतं. फाइल ॲडोबी आरजीबी प्रोफाइलची. त्या प्रोफाइलमधले आकडे तसेच एसआरजीबी (साध्या पडद्यांचं नेहमीचं प्रोफाइल) समजून दाखवले की लाल आणि हिरवा हमखास मरगळतात. मूळ फाइल जपून ठेवली, कापण्याआधी प्रत एसआरजीबीत बदलली. कुंकू कुंकवासारखं झालं.

दुसरी तक्रार भयंकर दिसत होती. एका जुन्या सीडीवरच्या चित्रातले चेहरे निळे आणि आकाश केशरी. ती फाइल छापखान्यासाठी तयार केलेली सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या हिशोबातली) जेपेग होती. अशा बऱ्याच फाइलींत शाईचे आकडे उलटे साठवलेले असतात आणि ज्या दर्शकाला ते ठाऊक नाही तो उलटंच चित्र दाखवतो. फाइलीतलं प्रोफाइल वापरून व्हिप्सनं ती सरळ एसआरजीबीत आणली.

एक बारीक गोष्ट लिहून ठेवते. बदललेल्या प्रतीत प्रोफाइल राहिलं तर कापताना ते प्रत्येक चौकोनात चिकटतं. ३१४४ बाइटचं प्रोफाइल २११९ वेळा म्हणजे साडेसहा एमबी नुसती पुनरुक्ती. एसआरजीबी असेल तर कापताना ते गाळावं.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

आज दाखवायचं ठरलं होतं. सगळं तयार नाही. फक्त पोस्टकार्डं आणि सरस्वती दाखवली. वीज दोनदा गेली, यूपीएसची बॅटरी बदलायला हवी.

१२ जुलै, शनिवार

चित्राखालच्या ओळी. बाईंच्या जुन्या यादीत ६४ चित्रांची माहिती होती, पण ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेली. तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण आत साठवलेली अक्षरं मराठी नसतातच, नुसते आकार असतात. रूपांतर करून बघितलं. 'ऱ्या' आणि 'ळ' जागोजागी बिघडले, जोडाक्षरं तपासण्यात जास्त वेळ जाईल असं दिसलं. वर्गातल्या दोन मुलींनी छापील प्रत समोर ठेवून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. दीड दिवसात झालं, आणि टाइप करताना त्यांनी ६४ चित्रांच्या नोंदी वाचल्या, तेही झालं.

बाईंची हरकत 'ल' आणि 'श'वर. त्या अक्षरलेखनही शिकवतात. पडद्यावर दंडाचा 'ल' आणि गाठीचा 'श' येत होता. "आपला 'ल' पाकळीचा, आपला 'श' देठाचा. मुलं पडद्यावरचंच खरं मानतील." २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं सांगितली आहेत. पानाला भाषा इंग्रजी अशी नोंद राहून गेली होती, माझी चूक. ती मराठी केली, आणि मराठी वळणं ज्यात आहेत असा फॉन्ट लावला. लगेच फरक पडला.

यादीतून एक चित्र काढावं लागलं, आणि ते काढताना दोघींनाही वाईट वाटलं. सा. ल. हळदणकरांचं हातात निरांजन धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि हळदणकर गेले १९६८ मध्ये. म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबायचं. रविवर्मा १९०६, आबालाल रहिमान १९३१, धुरंधर १९४४, यांची चित्रं मोकळी आहेत. बाईंनी वहीत २०२९ लिहून पुढे 'निरांजन' असं लिहिलं.

१९ जुलै, शनिवार

सगळ्या चौकोनांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायला गेले, ४० मिनिटांत दहावा हिस्साही गेला नाही. लाखभर चिमुकल्या फाइली, प्रत्येकीची नोंद वेगळी होते, त्यातच वेळ जातो. सगळं मिळून एकच टार फाइल (अनेक फाइलींचं एक गाठोडं) केली आणि मग पाठवली, झटपट गेली.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन जुनी १ जीबी पट्टी काढून त्या जागी २ जीबी डीडीआर टू पट्टी टाकून आणली. खरं तर आता तिची गरज उरली नव्हती, पण मिळतेय तोवर घेऊन ठेवावी. यूपीएसची बॅटरी तिथेच बदलली.

२६ जुलै, शनिवार

आज वर्ग नेहमीसारखा भरला आणि कोणालाही काही न सांगता यंत्र चालू ठेवलं.

सातवीतला एक मुलगा आबालाल रहिमानांचं कोल्हापूरच्या कोटितीर्थाचं चित्र उघडून बसला. पाण्यातल्या प्रतिबिंबात आत आत गेला, मग बाहेर आला, परत त्याच जागी गेला. मी मागे उभी होते. त्यानं वहीच्या कोपऱ्यावर रंग लावून बघितला, ओला असताना शेजारी दुसरा टेकवला, पसरू दिला. जमलं नाही. पाणी कमी केलं, पुन्हा लावला. "बाई, यांनी आधीचा वाळू दिलाय का थोडा?" बाई खुर्चीतून उठल्या आणि दोघं पडद्याला नाक लावून त्या एका कडेकडे बघत राहिले. "इथे वाळलाय," बाई म्हणाल्या, "आणि इथे नाही. ही कड बघ."

काकांनी आज स्वतःहून यंत्रावर नवं कापड शिवून आणलं. कॅबिनेटच्या आत एक जादा सीआर २०३२ सेल चिकटवून ठेवलाय, सेल बदलल्याची तारीख शेजारी लिहिली आहे. चालू-बंद करण्याच्या तीन ओळी भिंतीवर लावल्या. धुरंधरांची उरलेली ११ पोस्टकार्डं पुढच्या शनिवारी कापायची आहेत.